बोरीच्या दगडाखाली

एका राज्यात पाऊस पाहुण्यासारखा येई. दोन दिवस राही, तिसऱ्या दिवशी निघून जाई. म्हणून तिथली रीत अशी, की पाणी प्यायचं तर पहिली ओंजळ झाडाला, मग आपल्याला.

तिथल्या राजाने माळावरच्या बोरीखाली एका मांत्रिकाने पुरलेला सोन्याचा हंडा उकरला. सोनं राजवाड्यात आलं, आणि त्याच घटकेला राजकन्या मृगावती तपकिरी सुरवंट होऊन तिच्या दाईच्या, येसाईच्या पदरावर पडली. राजाने हंडा होता तिथे पुरला, मांत्रिकाचे पाय धरले.

मांत्रिक म्हणाला, "दिलेला शाप मला परत घेता येत नाही. तो उन्हाळाच घेईल."

कसा, ते बोरीवरच्या होल्या पाखराने येसाईला सांगितलं. "तीन गोष्टी पाळ. पाला याच बोरीचा घाल. राजकन्या मातीत गेली की वरचा दगड हलवू नकोस. आणि बाहेर येईतो तिथे पाणी पडू देऊ नकोस. ओल लागली तर ती आतच कुजेल."

येसाई बोरीखाली राहायला गेली. सुरवंट काट्यांतून वाट काढत पाला खाई, वाढे, कात टाकी. एके दिवशी खाणं सोडून खाली उतरला आणि दगडाखाली शिरला. राजा कुदळ घेऊन आला, एकदाच बघतो म्हणाला. येसाई दगडावर जाऊन बसली.

"महाराज, एकदा उकरलंत तेवढं पुरे."

राजा कुदळ घेऊन परत गेला.

थंडी सरली, माळ तापला. एका दुपारी तहानेने येसाईचा जीव कासावीस झाला. तिने घागर कलती केली, आणि साठ वर्षांच्या सवयीने पहिली ओंजळ बोरीच्या बुंध्याशी गेली. दगडाच्या कडेची माती काळी झाली. येसाईने ती नखांनी खरवडून काढली, उरलेली पदराने टिपली. त्या दिवसापासून घागर तिने माळाच्या पायथ्याशी ठेवली. तहान लागली की उतरून जाई.

झळा सुटल्या. एका दिवेलागणीला दगडाच्या कडेची माती हलली. मातीच्याच रंगाचा पतंग बाहेर आला, फांदीला लटकला. पंख हळूहळू उलगडले. डावा तेवढा टोकाशी चुरगळलेला राहिला. येसाईने मध पुढे केला, तर पतंगाला तोंडच नव्हतं.

"तिचं खाणं मागेच खाऊन झालंय, बाई," होला म्हणाला.

पतंग तिरका उडाला, बोरीला तीन फेऱ्या घालून येसाईच्या मांडीवर बसला, आणि मांडीवर मृगावती होती.

"येसाई, पाणी."

त्या राज्यात पहिली ओंजळ अजून झाडालाच जाते. त्या एका बोरीला मात्र कोणी पाणी घालत नाही, आणि तिच्याखाली कोणी उकरत नाही. मृगावतीची डावी करंगळी वाकडी राहिली. येसाई तिला रोज तेल लावी.

"ती सरळ व्हायची नाही गं," मृगावती म्हणे.

"माहीत आहे मला," येसाई म्हणे, आणि तेल लावत राही.