पोटात चीर असलेला स्फटिक

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात स्फटिक घडवणारा एक म्हातारा उस्ताद राहत असे. त्याचे दोन शिष्य होते, थोरला आणि धाकटा. उस्तादाचे हात कापू लागले, तेव्हा त्याने दोघांना पाण्यासारखा नितळ एकेक स्फटिक दिला. यातून शिवलिंग घडवा, ज्याचे उत्तम ठरेल त्याच्याकडे कारखाना, असे सांगितले.

थोरल्याचे काम चोख होते. पण त्याचे निम्मे लक्ष धाकट्याच्या दगड घासायच्या चाकाकडे असे. धाकट्याच्या हातात स्फटिक असा काही चमके, की स्वतःचा दगड थोरल्याला काचेचा तुकडा वाटू लागे. उस्तादाने मुद्दामच धाकट्याला चांगला दिला, असे त्याच्या मनाने घेतले. धाकटा आपला दगड सारखा फिरवत, अगदी हलक्या हाताने घासत असे. मिरवतोय नुसता, थोरला मनात म्हणे. त्याला जेवण जाईना.

एका दुपारी धाकटा विहिरीवर गेला. थोरल्याने दोन्ही दगड शेजारी ठेवून पाहिले. आकार तोच, घडणही जवळपास तेवढीच. त्याने अदलाबदल केली आणि घाईघाईने धाकट्याचा दगड आपल्या चाकाला लावून जोर दिला. खट्‌कन आवाज आला आणि स्फटिकाचे दोन तुकडे झाले.

आवाज ऐकून धाकटा धावत आला. त्याने तुकडे निरखले, मग आपल्या जागेवरचा दगड उन्हात धरला. तो आरपार नितळ होता. धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने उस्तादाला बोलावले आणि थोरल्याच्या पायांना हात लावला.

"दादा, माझ्या दगडाच्या पोटात चीर होती. तिच्यावर दाब पडू नये म्हणून मी जीव मुठीत धरून घासत होतो. तुम्ही ते ओळखलंत, आणि आपला चांगला दगड मला दिलात."

थोरल्याला आता त्याच्या भोळेपणाचाही हेवा वाटला.

"खरं का रे?" उस्तादाने थोरल्याला विचारले.

थोरल्याने नुसती मान डोलावली असती, तरी गावभर नाव झाले असते.

"नाही," थोरला म्हणाला. "मला याचा जास्त नितळ वाटला. म्हणून उचलला."

धाकट्याचा हात पायांवरून हळूच मागे गेला.

कारखाना धाकट्याकडे आला. थोरल्याचे चाक तिथेच राहिले, कामही राहिले. 'दादा' ही हाक मात्र पुन्हा कानी पडायला फार वाट पाहावी लागली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हातातली चमक लांबूनही दिसते, तो जपत असलेली चीर मात्र आपल्याला दिसत नाही.