लाडवावर अडकलेलं लग्न

मोबाइल नुकतेच व्हिडिओ काढायला शिकले होते, तेव्हाची गोष्ट. एका लग्नाच्या तीन क्लिपा एकत्र जोडून घ्यायला संगणकातल्या कात्रीबाईंकडे आल्या. केळवणाची उभी, लग्नाची आडवी आणि पाठवणीची चौकोनी.

"आधी एका मापाच्या व्हा," कात्रीबाई म्हणाल्या.

"मी नाही बदलणार, त्या दोघींना बदला!" तिघीही फणकारल्या.

"बरं बायांनो, जशा आहात तशा जोडते." कात्रीबाई गालातल्या गालात हसल्या.

संध्याकाळी पाहुणे पडद्यासमोर जमले. केळवण झोकात पार पडलं आणि पुढचं माप वेगळं निघताच त्याच्या शेवटच्या चित्रावरच फिल्म अडकली. पुढे मंगलाष्टकं ऐकू आली, पाठवणीचे हुंदकेही ऐकू आले. पडद्यावर मात्र तोंडात अख्खा लाडू कोंबलेला नवरदेव! पाहुणे हसून लोळले.

"पाहिलंत? शेवटपर्यंत मीच दिसत होते," उभी क्लिप तोऱ्यात म्हणाली.

"दिसलीस ना," कात्रीबाई म्हणाल्या. "म्हणून तर नवरदेवाने सगळ्यात आधी तुलाच पुसून टाकायला सांगितलंय."