ओटीतले चार दाणे

बाजारपेठेच्या एका गावी एक वृद्धा राहत असे. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घराबाहेर पडलेल्या स्त्रियांना ती आपल्या घरी आसरा देई. सारे तिला आक्का म्हणत. तिच्या हाताखाली काम शिकायला एक तरुण शिष्या आली होती. मुलगी हुशार, मनाने निर्मळ. पण अन्याय दिसला की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

एकदा त्या घरी सुगंधा नावाची स्त्री आली. हात मोडलेला, कडेवर लहान मुलगी. शिष्येने जीव ओतून तिची सेवा केली. तिला घास भरवले, तिची वेणी घातली. हात जुळून आला आणि एके सकाळी नवरा दारात हजर! डोळ्यांत पाणी, तोंडात साखर. पुन्हा हात उचलणार नाही, म्हणाला. आणि सुगंधा जायला निघाली. आता तुम्हीच सांगा, कुणाला राग येणार नाही?

शिष्येचाही संयम सुटला. सगळे पालथ्या घड्यावर पाणी झाले, असे ती सुगंधाच्या तोंडावर म्हणाली. आता गेलीस तर या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असेही म्हणाली. सुगंधा मान खाली घालून उभी राहिली. असले बोलणे तिला नवे नव्हते.

आक्काने मात्र पाट मांडला. ती स्वतः विधवा. विधवेने ओटी भरू नये म्हणतात, म्हणणारे म्हणोत बापडे. तिने सुगंधाला कुंकू लावले, खण, नारळ आणि तांदळाने तिची ओटी भरली. मग त्यातले चार दाणे उचलून आपल्या डब्यात परत टाकले. आम्ही भेटायला आलो तर चालेल का, असे हलक्या आवाजात तिला विचारले. सुगंधाने होकारार्थी मान हलवली. तेव्हा आक्का दारातल्या माणसाला म्हणाली की ही आता या घरची लेक आहे, दर बाजाराच्या दिवशी आम्ही तिला भेटायला येऊ.

ती दोघे मुलीला घेऊन दिसेनाशी झाली तशी शिष्येला रडू फुटले. "आक्का, कसायाच्या हाती गाय देताना तुम्ही तिची ओटी भरलीत?"

आक्का तिच्याजवळ बसली. "भीती मलाही वाटते, बाळ. पण ती गाय नव्हे, बाई आहे. जायचं की राहायचं, ते तिनेच ठरवायचं. माझं ऐकलं नाहीस तर तुला कुठे थारा नाही, हेच तो तिला इतकी वर्षं सांगत आला. आज तू तरी वेगळं काय म्हणालीस? तिच्या बहिणीचं दार त्याने बंद केलं, शेजारणीचं बंद केलं. हे एक उघडं होतं, ते तू लावायला निघालीस. लेकीच्या ओटीतले चार दाणे आपण ठेवून घेतो, ते ती फिरून यावी म्हणूनच ना?"

पुढच्या बाजारी आक्काच्या आधी शिष्याच पिशवी घेऊन निघाली. सुरुवातीला सुगंधा तिच्याकडे बघेना. शिष्येने तिला जाब विचारला नाही. हात दुखतो का, एवढेच विचारले. असे कित्येक बाजार गेले.

आणि एका दुपारी सुगंधा मुलीला घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. गाल सुजलेला. उंबरठ्यापाशी तिचे पाऊल अडखळले.

"पुन्हा आले," ती कशीबशी म्हणाली.

शिष्या तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवले, उठून मुलीला कडेवर घेतले. "माहेरी येणाऱ्या लेकीला कुणी 'पुन्हा' म्हणतं का गं?"

मग आत जाऊन तिने डबा उघडला आणि भातासाठी दोन मुठी तांदूळ वाढवले.