हिरडवलीचे मधले पाणी

हिरडवलीच्या डोंगरावर निम्म्या वाटेत कातळातून एक झरा येतो. वर माथ्यावर भैरोबा, खाली पायथ्याला जाखाई, आणि हा बरोबर मध्ये, म्हणून त्याला मधले पाणी म्हणतात. गावातल्या प्रत्येक बाळाचे बारसे याच झऱ्याकाठी होते, आणि नाव असे ठेवतात की नुसत्या नावावरून मुलगा की मुलगी ते कळू नये. मोहोर, झुळूक, ओलावा, उजेड. शाळेत नवे गुरुजी आले की पहिला आठवडाभर हजेरी घेताना त्यांची पार दमछाक होते. एखादा पाहुणा या नावांना हसला, की गावातल्या बायका त्याला झऱ्याच्या कट्ट्यावर बसवतात, आधी पाणी पाजतात, आणि मग ठकूआत्याची गोष्ट सांगतात.

फार जुनी आहे म्हणे ही गोष्ट. या गावात रावजी नावाचा एक माणूस होता. मनाने सोन्यासारखा, पण नवस बोलायला भारी उतावळा. गाय परतली नाही की नवस, पायात काटा मोडला की नवस. त्याची थोरली बहीण ठकू. तीही उपासतापास करणारी, देवाला दिलेला शब्द तिने कधी मोडला नव्हता. पण बोलायच्या आधी ती तीनदा विचार करी, आणि भावाचे नवस फेडता फेडता तिचे अर्धे माहेरपण जाई.

रावजीची बायको भिवरा. नऊ वर्षे तिची कूस उजवली नव्हती. दहाव्या वर्षी दिवस राहिले, तेव्हा बाळंतपणाला ठकू धावत आली. भिवराला कळा सुरू झाल्या आणि रावजी दाराबाहेरून म्हणाला, "अक्का, तू काही काळजी करू नको. मी सगळा बंदोबस्त केलाय."

"कसला बंदोबस्त?"

"मुलगा झाला तर पाचव्या वर्षी भैरोबाच्या पायरीवर सोडीन, कायमचा देवाच्या चाकरीला, असं वर बोललो. उतरताना वाटलं, जाखाई रुसायची. मग तिला बोललो, मुलगी झाली तर तुझी. आता कुणाचाच कोप नाही."

ठकूचे हात गरम पाण्यात होते. ते तिथेच थांबले.

"आणि घराला काय ठेवलंस रे, शहाण्या?"

हे रावजीच्या डोक्यातच आले नव्हते, असे सांगतात.

ठकूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तेवढ्यात बाळ रडले. रावजी दाराला कान लावून उभा. "अक्का, काय झालं गं?"

"बाळ."

"अगं, पण काय?"

"बाळ झालं. दोन डोळे आहेत, एक नाक आहे. आणखी काय हवंय तुला?"

बाळंतिणीच्या खोलीत जायची रावजीला बंदी, त्यामुळे खरे काय ते ठकूला आणि भिवराला तेवढे ठाऊक. ठकूने बाळाला दुपट्यात असे गुंडाळले की नाकाचा शेंडा तेवढा दिसावा. तिसऱ्या दिवशी वरचे गुरव आले, त्यांच्या पाठोपाठ खालचे गुरव आले.

"ठकूबाई, तो आहे का ती?"

"ते आहे," ठकू म्हणाली. "आणि ते झोपलंय. हळू बोला."

दोघे रोज येऊ लागले. रोज त्यांना गूळपाणी द्यायचे, रोज तोच प्रश्न ऐकायचा. शेजारणीही चुलीवरचे टाकून विचारायला येत. ठकूचा जीव मेटाकुटीला आला. हे झाकून किती दिवस राहणार? बाराव्या दिवशी आत्याने कानात नाव सांगायचे. भैरू म्हटले की लेकरू वर जाणार, जाखू म्हटले की खाली जाणार. देवाला फसवायचे तर तिच्या मनातही येईना. सांजवात लावताना ती म्हणाली, "आई जाखाई, बाबा भैरोबा, शब्द मोडायचा नाही आणि बाळही द्यायचं नाही. मला तर दोन्ही जमेना. तुम्हीच काय ते बघा."

अकराव्या दिवशी भिवराला न्हाऊ घालताना ठकूने कातावून विचारले, "हा बाबा गावभर नवस बोलत हिंडला. तू गं? तू कुणाला काहीच बोलली नाहीस?"

"बोलले की, वन्सं."

"कुणाला?"

"मधल्या पाण्याला. लग्न होऊन आले त्या साली. रोज घागर बुडवताना म्हणायची, मला एक बाळ दे, त्याला तुझं नाव ठेवीन."

"मुलगा दे म्हणालीस, का मुलगी?"

"बाळ दे म्हणाले."

"अगं, मग हे इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं?" भिवरा म्हणाली.

ठकू हातातला तांब्या खाली ठेवून मटकन पाटावर बसली, आणि मग कितीतरी वेळ हसत राहिली म्हणे.

बाराव्या दिवशी तिने पाळणा मधल्या पाण्याकाठी टांगला. दोन्ही गुरवांना तिने सांगितले, आपापल्या देवाला कौल लावून या. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सूर्य माथ्यावर आला तरी कोणी परतेना. शेवटी दोघे घाम पुसत आले. पाकळी ना उजवी पडत होती, ना डावी.

"काय विचारलंत?" ठकू म्हणाली.

"हे मूल आमचं का, असं विचारलं."

"चुकीचं विचारलंत. असं विचारा, की हे बाळ कुणाच्या शब्दाला आलं? भिवराच्या असेल तर उजवी द्या."

"आता परत चढू?" वरचे गुरव रडकुंडीला आले.

"चढा. नऊ वर्षं ती रोज चढली."

रावजी हात जोडून उभा होता. भिवराने पाळण्याची दोरी मुठीत घट्ट धरली होती. थोड्या वेळाने वरून शंख वाजला आणि त्याच क्षणी खालून घंटा वाजली. दोन्हीकडे उजवी पाकळी पडली होती. बाळ भिवराच्या शब्दाचे ठरले, रावजीचे दोन्ही नवस सुटले. देवांना कळले होते, फक्त माणसांनी नीट विचारले नव्हते, असे जुन्या बायका म्हणतात. रावजी जमिनीवर डोके टेकून रडला. त्यानंतर बहिणीला विचारल्याशिवाय तो नवस बोलला नाही, असे सांगतात. पण यावर गावाचा तितकासा विश्वास नाही.

आता नाव. झऱ्याला तर नावच नव्हते, नुसते पाणी. ठकूने ओंजळ भरली, पाहिली, आणि पाळण्यात वाकून बाळाच्या कानात सांगितले, "कुर्र... नितळ." नितळ पोरगा म्हणा, नितळ पोरगी म्हणा, नितळ पाणी म्हणा, शब्द जागचा हलत नाही.

आजही हिरडवलीत बाळाच्या कानात नाव पडेपर्यंत मुलगा की मुलगी हे कोणी विचारत नाही. ज्याच्या तोंडून तो प्रश्न सुटेल, त्याने मधले पाणी भरून बाळंतिणीच्या दारात नेऊन ठेवायचे. तरीही गोष्ट संपली की पाहुणा हमखास विचारतो, "ते सगळं खरं, पण नितळ मुलगा होता की मुलगी?"

सांगणारी बाई कपाळाला हात लावते. मग उठून रिकामी घागर त्याच्यापुढे ठेवते.

"भरून घ्या. उतरलात की डाव्या हाताला तिसरं घर. आणि दार हळू वाजवा, ते झोपलं असेल."