हळदीचं फूल, गुलालाचं फूल

“अप्पाजी, जन्म देते ती आई, की भरवते ती?”

अप्पाजी बागेतल्या चिंचेखाली मांडी घालून बसले होते. पुढ्यात द्रोणांची रांग होती आणि एकेका द्रोणात ते मूठमूठ रंग भरत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं,

“हा प्रश्न आहे होय?”

“प्रश्नच आहे.”

“मला शिवी ऐकू आली.”

राजश्रीचा चेहरा उतरला. शिवीच होती ती. कुणाला होती, तेही अप्पाजींना ठाऊक होतं. समोर कारंज्याच्या कठड्यावर तिची मोठी जाऊ महानंदा बसली होती, आणि राजश्रीची सहा वर्षांची गिरू तिच्या गुडघ्यांत घुसून वेणी घालून घेत होती.

वेणी! सकाळी राजश्रीनं स्वतः घातली होती की. चांगल्या दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. त्या सोडून आता मोठ्या आईकडून सागरवेणी चालली होती, वर खिदळणं चालू होतं ते वेगळंच.

सीमाभागातलं तालुक्याचं गाव. नगरपालिकेच्या बागेला लागून लहानसा मठ, आणि अप्पाजी त्या मठाचे स्वामी. प्रवचनाला चार म्हातारी माणसं यायची, त्यातली दोन डुलक्या काढायची. म्हणून अप्पाजींनी रविवारी मठ बंद करून बागेत बसायला सुरुवात केली. हळूहळू पोरं आली, पोरांमागून आईबाप आले. कुणी कागदाची फुलपाखरं करायचं, कुणी कुंडीत झेंडू लावायचं, कुणी काचेच्या पेटीतल्या मधमाश्या बघत तोंड उघडं टाकून उभं राहायचं. आणि शेवटी ठरलेला मधमाशीचा खेळ.

या सगळ्याची व्यवस्था राजश्रीकडे. ती अप्पाजींची शाळेपासूनची शिष्या; ते तिला ‘अव्वा’ म्हणायचे, कानडीतली आई. बँकेत नोकरी, हातात लाउडस्पीकर, आणि “हा रविवार मीच उभा केलाय” हे कुणी विचारलं नाही तरी सांगायची सवय. अप्पाजी ते ऐकायचे आणि दुसरीकडे बघायचे.

“बोल,” अप्पाजी म्हणाले. “शिवी संपली असेल तर प्रश्न विचार.”

“मी बदली मागितलीय. कोल्हापूरला. हे तिथंच नोकरीला आहेत, सुट्टीला तेवढे येतात. जूनमध्ये गिरूला घेऊन जाते. आज संध्याकाळी घरात सांगणार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“कुणासाठी जातेस?”

“गिरूसाठी.”

अप्पाजींनी हातातला द्रोण खाली ठेवला.

“…आणि महानंदा?”

“अक्कांना काय? त्यांना…”

मूल नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

“त्यांना घर आहे की.”

चिंचेवरून एक वाळकी शेंग पडली, ती अप्पाजींनी उचलून बाजूला ठेवली.

“मागच्या आठवड्यात गिरूला ताप आला होता,” राजश्री म्हणाली. आता तिचा आवाज फाटला. “पाण्याच्या घड्या मी ठेवतेय. रजा मी काढलेली. रात्रभर पापणीला पापणी लावली नाही. आणि पोरगी तापात काय बरळते? मोठी आई, मोठी आई! मी समोर बसलेली, अप्पाजी. माझा हात तिच्या कपाळावर!”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, तुम्ही झोपा जावा, मी आहे.”

“आणि दार?”

“…लावून घेतलं.”

खरं सांगायचं तर राजश्री लग्न होऊन आली तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. महानंदानं तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. चहा टेबलावर, जेवण टेबलावर, वर सासूबाईंची बोलणी महानंदानं स्वतःच्या अंगावर घेतलेली. गिरू झाली, राजश्रीची रजा संपली, तेव्हाही महानंदाच. राजश्री हे काही विसरली नव्हती. उलट आठवलं की तिचा राग जास्तच वाढायचा. ज्यानं आपलं भलं केलं त्याचा राग करायला फार कष्ट पडतात, आणि राजश्री ते कष्ट रोज घेत होती.

“खेळ मांड,” अप्पाजी म्हणाले.

“पण माझं उत्तर?”

“पोरं खोळंबलीत.”

राजश्रीनं लाउडस्पीकर उचलला. खेळ तिला तोंडपाठ होता.

“ऐका! मोठी माणसं म्हणजे फुलं, त्यांनी गवतावर बसायचं. मुलं म्हणजे मधमाश्या. प्रत्येक फुलाजवळ पन्ह्याचं भांडं आहे आणि एका रंगाचा द्रोण आहे. माशीनं यायचं, नळीनं एक घोट प्यायचा. मग फुलानं आपला रंग तिच्या गालाला, हाताला लावायचा. तो रंग घेऊन माशीनं दुसऱ्या फुलाकडं जायचं आणि त्या फुलाला पुसायचा. शिट्टी झाली की अप्पाजी येतील. ज्या फुलाच्या अंगावर दुसऱ्या फुलाचा रंग असेल त्यालाच फळ मिळेल. नुसता स्वतःचाच रंग असेल तर काही नाही!”

टाळ्या पडल्या. निवृत्त मुख्याध्यापक चिंदगेसर कागदी पंख लावून आले होते. त्यांना, तुम्ही मोठे आहात, फूल व्हा, असं समजावताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

राजश्रीला हळद मिळाली, महानंदाला गुलाल. दोघी समोरासमोर बसल्या. मध्ये गवताचा पट्टा.

आता एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. बाकीच्या भांड्यांत मठाचं पन्हं होतं, राजश्रीच्या भांड्यात घरचं. सकाळी लवकर उठून तिनं मुद्दाम केलेलं, दुप्पट गूळ, वेलदोडा, वर केशराच्या काड्या. बघू या म्हटलं, माशी कुठं बसते ती!

शिट्टी झाली. पोरं सुटली.

गिरू पहिल्यांदा राजश्रीकडेच आली. घोट घेतला, डोळे मिटले, “आई गं, कसलं भारी!” राजश्रीचं काळीज सुपाएवढं झालं. तिनं पोरीचे दोन्ही गाल हळदीनं माखले.

आणि गिरू पळाली. थेट महानंदाकडे.

राजश्री बघत राहिली. गिरूनं महानंदाच्या गळ्यात हात टाकले, गालाला गाल घासला. महानंदाच्या मोतिया साडीचा विचार तिनंही केला नाही आणि महानंदानंही केला नाही. मग एक घोट, गुलालाची बोटं, आणि गिरू परत आईकडे. तोंड सगळं गुलाबी.

“इकडं ये,” राजश्री म्हणाली. “काय हा अवतार!”

तिनं बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि गिरूचं तोंड पुसून काढलं. गाल, कपाळ, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत. गुलालाचा ठिपका म्हणून राहू दिला नाही. गिरू वळवळली.

“अगं आई, तो तुला लावायचा होता!”

“असू दे. पी आधी.”

गिरू प्यायली. राजश्रीनं पुन्हा हळद लावली. गिरू पुन्हा पळाली. पुन्हा महानंदाकडेच!

हेच चालू राहिलं. पोरगी यायची, आई पुसायची, आई माखायची, पोरगी पळायची. बागेत एवढी फुलं बसली होती, चिंदगेसर तर “ये गं बाळ, ये” म्हणून हाका मारत होते. पण गिरूला दोनच फुलं दिसत होती, आणि राजश्रीला त्यातलं एकच दिसत होतं. समोरचं.

काय आहे तिच्याकडे? मठाचं पांचट पन्हं तर आहे. मग काय आहे असं?

शेवटी गिरू आली तेव्हा राजश्रीनं तिला पुसलं आणि सोडलंच नाही. मांडीवर ओढून घेतलं, दोन्ही हातांनी कवळून धरलं.

“बस झालं पळणं. इथंच पी. सगळं तुझंच आहे.”

“आई, सोड ना… माश्या अशा बसून राहत नाहीत.”

“ही माशी राहते.”

गिरूनं दोन घोट घेतले, मग नळी चावत बसली. तिसरा घोट काही घेतला नाही. गवताच्या पलीकडे महानंदा हसून हात हलवत होती. राजश्रीनं मान फिरवली.

शिट्टी झाली. अप्पाजी पेरूंची टोपली घेऊन निघाले. मिठी सुटली तशी गिरू उठून टोपलीमागे धावली.

चिंदगेसरांच्या अंगावर निळा, हिरवा, जांभळा, सगळाच बाजार होता. त्यांना पेरू मिळाला आणि त्यांनी तो सगळ्यांना वर करून दाखवला. महानंदाला मिळाला. मग अप्पाजी राजश्रीपुढे थांबले.

त्यांनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं.

“रंग कुठाय?”

“हा काय.” तिनं पिवळे हात पुढं केले.

“हा तुझाच.”

टोपली पुढं जाऊ लागली. राजश्री ताडकन उठली. भोवती माणसं होती, तरी तिला राहवलं नाही.

“अप्पाजी, हे बरोबर नाही! गिरू माझ्याकडं येत होती. शेवटी तर सगळा वेळ माझ्या मांडीवर होती!”

“म्हणूनच.”

कुणीतरी हसलं. राजश्रीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

“आणि अक्कांना मिळतो? एकाच पोरीला धरून बसल्या होत्या त्या!”

“मी धरलं नाही गं,” महानंदा गडबडून म्हणाली. ती उठून जवळ आली होती, हातात पेरू तसाच. “तीच यायची.”

अप्पाजी वळले.

“महानंदा, पदर दाखव हिला.”

महानंदाला कळेना. तिनं पदर पुढं घेतला. मोतिया साडी. पदरावर पिवळे पंजे, खांद्यावर पिवळं, गळ्यावर, हनुवटीवर, कानाच्या पाळीवर पिवळं. गुलाल तिच्या स्वतःच्या बोटांना तेवढा होता. बाकी सगळी हळद.

राजश्री बघतच राहिली.

“साडी गेली अक्का तुमची,” ती कशीबशी म्हणाली. “हळद निघत नाही.”

“जाऊ दे गं साडी. दर वेळी पळत यायची आणि म्हणायची, मोठी आई, हलू नकोस, आईनं दिलंय ते लावते.” महानंदा हसली. “नाही कसं म्हणणार? आईनं दिलंय म्हणत होती.”

तिनं पेरू पदराच्या कोऱ्या टोकाला पुसला आणि राजश्रीपुढं धरला.

“घे. आंबट असेल, तुला आवडतो तसला.”

राजश्रीनं हात पुढं केला नाही. तिच्या मुठीत तो ओला रुमाल होता. अप्पाजींनी तिची मूठ सोडवली, रुमाल घेतला, झटकला आणि गवतावर पसरून ठेवला.

या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी.

“हे तुझ्याकडं आलेलं,” अप्पाजी म्हणाले.

राजश्री खाली बसली. आसपास लोक पेरू खात होते, पंख सारखे करत होते, कुणाचं तरी पोर काचेच्या पेटीला नाक लावून उभं होतं. आपण हिचा किती राग केला, तिला वाटलं, आणि ही पेरू घेऊन उभी आहे. रडायला आलं. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यातही थोडा राग आलाच, की ही आताही चांगलीच वागतेय.

“अप्पाजी…” ती हळूच म्हणाली, महानंदाला ऐकू जाणार नाही असं. “मग मी कोल्हापूरला जाऊ, की नको?”

तेवढ्यात गिरू राजश्रीला बाजूला सरकवून तिच्या जागेवर येऊन बसली. हळदीचा द्रोण मांडीत घेतला, पन्ह्याचं भांडं पुढं ओढलं आणि लाउडस्पीकरशिवायच ओरडली,

“दुसरा डाव! आता आम्ही फुलं! मोठ्यांनी माश्या व्हायचं!”

चिंदगेसरांनी आनंदानं पंख पसरले. महानंदा काही माशी झाली नाही. तिचे गुडघे धरले होते. ती गुलालाचा द्रोण घेऊन पुन्हा गवतावर बसली, फूल ते फूलच.

राजश्री अजून अप्पाजींच्या तोंडाकडे बघत होती.

अप्पाजींनी शिट्टी ओठांशी नेली. मग खाली घेतली.

“आधी माशी तर हो, अव्वा. उडायचं कुठं, ते मग विचार.”