शेवटची चार मिनिटे

तालुक्याच्या एका गावी एक क्रीडाशिक्षक होते. मुलींनी फार तर लंगडी खेळावी असे ज्या काळी गावाचे मत होते, त्या काळी त्यांनी लोहाराकडून एक लोखंडी कडे ठोकून घेतले, हायस्कूलच्या मागच्या पटांगणात खांबावर बसवले आणि मुलींना बास्केटबॉल शिकवायला आरंभ केला. तेहतीस वर्षे त्यांनी हेच केले. गावात ‘सर’ म्हटले की तेच. शाळेत आणखी बावीस शिक्षक होते, पण त्यांनीही कधी याचे वाईट वाटून घेतले नाही.

सर निवृत्त झाले आणि त्यांची शिष्या हेमांगी त्यांच्या जागी आली. ती जीव तोडून शिकवी. सामना चालू असताना रेषेबाहेर उभी राहून ती अखंड बोलत असे. “जुई, डावीकडे! नफिसा, थांब! आता टाक!” मुली इतक्या आज्ञाधारक, की तिच्याकडे पाहिल्यावाचून एक पाऊल टाकीत नसत. पाहणारे म्हणत, काय शिस्त आहे! हेमांगीला ते ऐकून बरे वाटे. बरे न वाटण्यासारखी गोष्ट एकच होती: इतक्या शिस्तीचा हा संघ सलग तीन वर्षे जिल्ह्याचा अंतिम सामना हरला होता.

चौथ्या वर्षी संस्थाचालकांनी निर्वाणीचे सांगितले. यंदा करंडक आला नाही तर संघ बंद, आणि त्या पटांगणावर वाहनतळ. सरांची सारी हयात त्या जमिनीत मुरली होती, आणि ती आपल्या हातून जाणार, या विचाराने हेमांगीला अन्न गोड लागेना.

अंतिम सामन्याला सर आले. वय बासष्ट, हातात काठी. हेमांगीने त्यांना आपल्या शेजारीच खुर्ची दिली. सामना रंगला, पण शेवटची चार मिनिटे उरली तेव्हा मुली पाच गुणांनी मागे होत्या. हेमांगीचा आवाज चिरका झाला होता. तेवढ्यात सर उठले आणि त्यांनी तिचा दंड धरला.

“हेमांगी, मला जरा बाहेर ने.”

तिच्या तोंडचे पाणी पळाले. दोन वर्षांपूर्वी सरांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. तिने एकदा मैदानाकडे पाहिले, एकदा सरांकडे. दुसऱ्या कुणाला पाठवावे असा विचार तिच्या मनात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो विचार तिने गिळला आणि सरांना आधार देऊन ती फाटकाबाहेर पडली. मैदानातल्या पाचही मुली आ वासून तिच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

बाहेर कडुनिंबाला पार होता. सर त्यावर ऐसपैस बसले आणि खिशातून खडीसाखरेचा खडा काढून त्यांनी तोंडात टाकला.

“सर, छातीत दुखतंय का? डॉक्टरांना बोलावू?”

“छे गं. ठणठणीत आहे मी.”

“मग बरं वाटत नाही असं का म्हणालात?”

“मी कुठे तसं म्हणालो? बाहेर ने म्हणालो.”

हेमांगीचा राग अनावर झाला. उभ्या आयुष्यात ती सरांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. “सर, आत चार मिनिटं उरलीत! मैदान जाईल हो! तुमचं मैदान!” तिचे डोळे भरून आले आणि ती माघारी वळली.

“जा हवं तर, मी अडवत नाही,” सर म्हणाले. “पण आधी सांग, आतून काय ऐकू येतंय?”

तिने कान दिला. प्रेक्षकसुद्धा गोंधळून गप्प झाले होते. बुटांची करकर आणि एकाच जागी आपटणारा चेंडू, याखेरीज काही नाही.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

“मीही तुझ्यासारखाच ओरडायचो,” सर सावकाश बोलू लागले. “तुझ्याहून जास्तच. तू शाळेत यायच्या आधी माझा एक फार चांगला संघ होता. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळीच माझा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. पोरी चेंडू हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या! मी हातवारे करतोय, त्यांना काही उमगत नाहीये. त्या दिवशी खरा हरलो तो मी. पोरींना मी माझं ऐकायला शिकवलं होतं, खेळायला शिकवायचं राहूनच गेलं होतं. तेव्हापासून रोज सरावाची शेवटची पंधरा मिनिटं मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहायला लागलो.”

“आम्हाला वाटायचं, तुम्ही चहाला जाता.”

“चहाही प्यायचो की! कान मात्र आत असायचे. हे तुला सांगायला हवं होतं. सगळं शिकवलं आणि एवढंच राहिलं. ती चूक माझी, तुझी नव्हे.”

इतक्यात आतून आवाज आला. “नफिसा, मागे बघ! मागे!”

हेमांगी चमकली. हा आवाज मैथिलीचा होता. वर्गात हजेरी द्यायलाही जिचे ओठ कष्टाने हलत, ती ही मैथिली. पाठोपाठ जुई ओरडली, “मला दे, मला!” मग दोघी-तिघींचे आवाज एकात एक मिसळले. मध्येच भांडण झाल्यासारखे वाटले, मध्येच कुणी हसले. हेमांगीचे पाऊल दोनदा फाटकाकडे वळले. दोन्ही वेळा तिने ते मागे घेतले.

शिट्टी झाली. क्षणभराने फाटकातून मुलींचा लोंढाच बाहेर आला.

“एका गुणाने, मॅडम! एका गुणाने जिंकलो! शेवटचा बास्केट मैथिलीने केला!”

हेमांगीने मैथिलीला छातीशी धरले. मग न राहवून विचारले, “शेवटी हिच्याकडे चेंडू द्या, हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगितलं असं कोणीच नाही,” जुई म्हणाली. “तुम्ही गेलात तेव्हा वाटलं, संपलं सगळं. मग ही ओरडायला लागली. मग आम्ही सगळ्याच.” एवढे बोलून ती सांगतच सुटली, कोण कुठून धावली, कोण पडली, आणि बाकीच्या तिला मध्येच तोडू लागल्या. हेमांगीकडे कुणाचेच लक्ष राहिले नाही.

ती पारावर सरांशेजारी येऊन बसली. मैदान वाचले होते. तरी मनात काहीतरी सलत होते.

“सर, खरं सांगू? आनंद तर झालाच. पण माझ्यावाचून काही अडलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.”

“वाटणारच,” सर म्हणाले. “तू खेळायचीस तेव्हा तुमचा संघ पहिल्यांदा माझ्याशिवाय जिंकून आला ना, त्या रात्री मी जेवलो नव्हतो.”

“आणि मग?”

“मग काय! दुसऱ्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.”

हेमांगी डोळे पुसता पुसता हसू लागली.