चाळीस रांजणांतला एक सूर

एका राज्यात, सूर्य उगवून तीन घटका आणि वर सात पळे झाली असता, राजगायिका सुरंगाबाई हिच्या लेकीचा आवाज गेला.

सुरंगाबाई म्हणजे साधी बाई नव्हे. तिच्या गाण्याने राजाचे माजलेले हत्ती निजत. वीस वर्षं ती दरबारात गायली, मग राज्यातल्या मुलींना गाणं शिकवू लागली. सगळ्या हुबेहूब तिच्यासारख्या गात, याचा तिला कोण अभिमान. त्या सकाळी सात वर्षांची बकुळा म्हणाली, "आई, एवढ्या वर माझा गळा दुखतो."

"दुखू दे. माझ्या पट्टीत गा. माझ्यासारखा सा लाव."

बकुळेने सा लावला आणि तो मध्येच तुटला. तोंड उघडं, पण आवाज नाही. पोर रडली, तरी आवाज नाही. तोवर गावातून बाया धावत आल्या. त्यांच्याही मुली मुक्या झालेल्या. बकुळा धरून चाळीस, आणि चाळीसही सुरंगाबाईच्याच शिष्या.

खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "बाई, सूर रांजण्या जादूगाराने नेले. सूर्य बुडायच्या आत सोडव. नंतर सुरांचं पाणी होतं, आणि पाण्याला कुणाची ओळख नसते."

"वाट कोणती?"

"आधी आंधळी विहीर, मग काटेरी अंगाचा वाघ, मग रांजण्या. तिथे चुकलीस तर तूही रांजण होशील."

सुरंगाबाईने बकुळेकडे पाहिलं. पोरीला उद्या ताप चढला, काही चावलं, तर ती हाक कशी मारणार? पदर खोचून ती निघाली.

आंधळ्या विहिरीने सगळी वाट गिळली होती. सुरंगाबाईने खर्ज लावला, तसं तळाचं पाणी वर येऊन दगडासारखं घट्ट झालं. ती त्यावरून चालत गेली. वाघ आडवा आला. तिने संथ आलाप घेतला, तसे त्याचे काटे गळून पडले. पण आता दिवस कासराभरच उरला होता.

रांजण्या दारात सुपारी कातरत बसला होता. मागे चाळीस रांजण, साऱ्यांची तोंडं मातीने लिंपलेली.

"या गुरूबाई. लेक ज्यात आहे तो रांजण ओळखा, सगळे सोडतो. चुकलात तर एकेचाळिसावा चाकावर चढवलाच आहे."

त्याने टाळी वाजवली. चाळीस रांजणांतून सा आला. एकाच पट्टीतला, एकाच धाटणीचा.

सुरंगाबाई पुढे झाली. तिने या रांजणाला कान लावला, त्याला लावला. बकुळा कुठेच नव्हती. जिकडेतिकडे ती स्वतःच.

"पोटची पोर ओळखू येईना?" रांजण्या म्हणाला. "मी चोर नव्हे, बाई. मुलींनी आपापला आवाज तुमच्यापायी आधीच टाकला होता. मी फक्त उचलला."

सूर्य डोंगराला टेकला. सुरंगाबाई खाली बसली आणि रांजणांना हात जोडून म्हणाली, "मुलींनो, चूक माझी. माझी पट्टी सोडा. जिथे सोसेल तिथे गा. बेसूर झालं तरी मी रागावणार नाही."

मग एक सूर खाली घसरला, एक वर गेला, एक नाकातून आला. असा गलका उठला की दरबारात कुणी ऐकून घेतला नसता. एकोणचाळीस जणी "बाई, बाई" करत होत्या. कोपऱ्यातून मात्र एक जाडाभरडा आवाज म्हणाला, "आई, हे बरं वाटतंय."

असा आवाज सुरंगाबाईने जन्मात ऐकला नव्हता. तिने त्या रांजणावर हात ठेवला. "ही माझी."

चाळीसही रांजण फुटले. रांजण्याची ओली माती झाली. सूर आपापल्या घरी गेले, आणि त्या संध्याकाळी घरोघरी मुलींनी इतकी बडबड केली की आयांना स्वयंपाक सुचेना.

तेव्हा बायांनो, लेक गाण्याला घालाल तिथल्या बाईंच्या कानावर एवढं घाला, की पोरीला आधी विचारा, तुझा सा सुखाने कुठे लागतो. आणि शेजारणीची मुलगी शिकत असेल, तर तिलाही आजच सांगा.